मशीनची सावड

"दमंल का न्हाई, तेवडं सांगा, भाऊ."

दुकानाची पायरी चढायच्या आधी चपला बाहेर काढायच्या, पदर खांद्यावरून पुढे घ्यायचा, काउंटरवरच्या वस्तूवर उजव्या हाताचा तळवा सपाट ठेवायचा आणि हा प्रश्न विचारायचा, ही मावशींची पद्धत. वस्तू कुठलीही असो, प्रोसेसर असो नाहीतर साधी वायर. लोणावळ्याच्या बाजारात कॉम्प्युटर जोडून विकण्यात माझे केस पिकले. गिऱ्हाईक स्पीड विचारतं, वॉरंटी विचारतं, आणि 'कमी किती करणार' हे तर पायरीवरूनच विचारतं. वस्तू दमेल का, असं विचारणारं माणूस मला एकच भेटलं.

तुम्हीही मळवलीकडे गेला असाल तर अशा बायका पाहिल्या असतील. कमरेला तीन-चार बंगल्यांच्या चाव्यांचा जुडगा, हातात फिनेलची बाटली, चालण्यात घाई. मालक मंडळी शनिवार-रविवारी येतात आणि जातात. बाकीचे दिवस बंगला झाडायचा, बाग शिंपायची, पावसाळ्यात कपाटं उघडून बुरशी पुसायची, आणि उरलेल्या वेळात घरची भातखाचरं बघायची. मावशी त्यातल्याच. बंगल्याच्या नळाचे वायसर, बल्ब असलं काहीबाही न्यायला त्या लोणावळ्याला यायच्या. एके दिवशी त्या माझ्या दुकानात शिरल्या.

"भाऊ, सुनंला घरं काडायचं मशीन पायजे."

"कसली घरं?"

"बंगलं. कागदावरचं न्हाई. मशीनमंदी खरं दिसत्यात, तसलं."

मी मनात म्हटलं, झालं! कुणीतरी हिच्या डोक्यात काहीतरी भरवून दिलंय, आता आपला तास गेला. तेवढ्यात त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून सून बोलली. अश्विनी तिचं नाव. तळेगावला डिप्लोमा केलेली, पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम केलेली. बाळ झालं, नवऱ्याची नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात शिफ्ट, रोजचं जाणं-येणं जमेना, म्हणून नोकरी सुटली होती. आता घरी बसून तेच काम करायचं मनात होतं.

"काका, रेंडरचं काम आहे," ती म्हणाली. "ग्राफिक्स कार्ड चांगलं लागेल, रॅम कमी पडता कामा नये. बाकी आत्या बघतील."

"आत्या काय बघतील?"

"सगळंच," ती म्हणाली आणि हसली.

रेंडर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. न बांधलेलं घर आधी रेघांनी काढायचं. मग त्यात ऊन कुठून येईल, काचेत काय दिसेल, पाण्यावर सावली कशी पडेल, हे सगळं मशीन हिशोब करकरून रंगवतं. एका चित्राला बराच वेळ लागतो. त्याची मिनिटभराची फिल्म करायची म्हटलं तर हजाराच्या वर चित्रं लागतात, आणि मशीनला दिवसरात्र राबावं लागतं. तेव्हा 'दमंल का' हा प्रश्न काही वेडगळ नव्हता. फक्त मावशी तो माउसच्या पॅडबद्दलही विचारायच्या.

मी त्यांना कॅबिनेट, म्हणजे मशीनचे बाहेरचे डबे, दाखवायला घेतले. एकाला पुढून काच आणि आत रंगीबेरंगी दिवे. पोरांना फार आवडतं ते. मावशी समोर उभ्या राहून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"ह्ये बरं केलंय कंपनीनं," त्या म्हणाल्या. "आत दिवंच लावून दिल्यात. बुरशी न्हाई धरायची."

मला आधी कळलंच नाही. मग डोक्यात उजेड पडला. आमच्याकडच्या बंगल्यांत पावसाळ्याचे चार महिने कपड्यांच्या कपाटात बल्ब पेटता ठेवतात, ओल धरू नये म्हणून. मावशींनी उभ्या जन्मात शेकडो कपाटांत बल्ब लावले असतील. त्यांना वाटलं, ही तीच सोय.

"मावशी, ते शोभेचे दिवे आहेत. गार असतात."

"मंग कशापायी?"

"दिसायला."

"दिसाया? रोज दिवाळी?" त्यांनी काचेवरचा हात काढून घेतला. "साधं द्या."

यूपीएसच्या बाबतीतही आमचं वाजलं. मी म्हटलं, वीज गेली तर दिवसभराचं काम बुडेल, यूपीएस हवाच. त्या म्हणाल्या, "नगं. वायरमन आमच्या भावकीतला हाय. लाईट गेली की फोन करती, पाच मिंटात आणतोय." मी कपाळावर हात मारला. पुढे मशीन सुरू झाल्यावर पंधरा दिवसांतच त्या गुपचूप आल्या आणि काही न बोलता एका यूपीएसवर तळवा ठेवून उभ्या राहिल्या.

"काय हो मावशी, भावकीतला वायरमन काय म्हणाला?"

"त्यो जेवाया बसला व्हता."

पण ही पुढची गोष्ट झाली. मशीन एकदम घेतलंच नाही त्यांनी. आमच्याकडे लोक घर बांधतात तसं घेतलं. आधी खालच्या खोल्या, वर सळया तशाच ठेवायच्या, जमेल तेव्हा वरचा मजला. मी परोपरीने सांगितलं की मावशी, भाग सगळे एकत्र घ्यावेत, एकत्र जोडून तपासावेत, उगाच घरात पडून राहिले तर वॉरंटीचे दिवस वाया जातात. छे! ऐकतील तर मावशी कसल्या. जूनच्या आधी ग्राफिक्स कार्ड घेतलं, कारण अश्विनी म्हणाली तेच मिळायला अवघड. मग मदरबोर्ड आणि प्रोसेसर. मग रॅम. प्रत्येक वेळी चपला बाहेर, तळवा वस्तूवर, आणि तोच प्रश्न.

भाताची कापणी उरकल्यावर एकदाच्या सगळ्या वस्तू घेऊन त्या आल्या. तांदळाच्या पोत्याची पिशवी, त्यात फडक्यात बांधलेले खोके. मी ग्राफिक्स कार्डाचा खोका उघडला, कार्ड बाहेर काढून उभं धरलं आणि पंख्याच्या पात्यांमधून टेबलावर तांदूळ सांडले. पसाभर नसतील, पण सांडले.

"मावशी, हे काय?"

"तांदूळ," त्या शांतपणे म्हणाल्या. "पावसात वल लागती, भाऊ. तांदळाच्या पिंपात वल न्हाई लागत. आमी पापड बी तितंच ठिवतो."

मी त्यांना बोल बोल बोललो. खोके नीट बंद होते तसेच का ठेवले नाहीत, आत बारीक कोंडा जातो, हे काय पापड आहेत का! त्या ऐकून घेत होत्या आणि सांडलेले तांदूळ एकेक वेचून पदरात टाकत होत्या. अर्धा दिवस मी ब्रश घेऊन ते कार्ड झाडत बसलो. मशीन सुरू केलं आणि ते जरा तापलं, तर दुकानभर इंद्रायणी तांदळाचा वास. शेजारचा चिक्कीवाला डोकावून विचारतोय, आज जेवण दुकानातच का म्हणून.

मशीन बसवायला मी मळवलीला गेलो. घर साधं, पुढे पडवी. कोपऱ्यात टेबल मांडलेलं. टेबलाच्या चारही पायांखाली विटा, जमिनीची ओल वर येऊ नये म्हणून. अश्विनीने पहिलंच चित्र रंगवून दाखवलं. डोंगराच्या कडेला सगळा काचेचा बंगला, खाली धुकं, आत पिवळा उजेड. मी म्हटलं वाहवा. मावशी पुढे झाल्या, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "येवड्या काचा पुसणार कोण?"

अश्विनी इतकी हसली की मांडीवरचं बाळ दचकलं.

परत निघताना त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. मी सहज चेष्टेने म्हटलं, "मावशी, लोक मुलासाठी एवढं करत नाहीत, तुम्ही सुनेसाठी करताय." त्या थांबल्या. कमरेचा जुडगा हातात घेतला.

"सगळं आयुक्ष लोकांच्या बंगल्याच्या चाव्या सांबाळल्या, भाऊ. येकाबी बंगल्यावं माजं नाव न्हाई, आन असायचं कारन बी न्हाई. पर हिच्या कागदावं खाली कोपऱ्यात हिचं नाव येतं. म्या पायलंय. ह्ये काम हिच्या हातनं सुटाया नगं."

एवढंच बोलल्या आणि गेट लावून आत गेल्या. मी स्टेशनपर्यंत चालत आलो, पण वाटेत कुठे काय दिसलं ते मला आठवत नाही.

सहा महिने बरे गेले. अश्विनीला लहानसहान कामं मिळत होती. कुणाचा हॉल, कुणाचं स्वयंपाकघर. मग मे महिन्यात तिच्या पुण्यातल्या जुन्या ऑफिसाने तिला विचारलं. पवना धरणाकडच्या एका रिसॉर्टची मिनिटभराची फिल्म करायची होती. सोमवारी सकाळी त्यांच्या गिऱ्हाइकापुढे ती दाखवायची. वेळेत दिली तर घरी बसून कायमचं काम. नाही दिली तर त्यांनी दुसरीकडे बघायचं, असं स्वच्छ ठरलं होतं. पोरीने महिनाभर जिवाचं रान करून फिल्म बांधली. रंगवायची तेवढी उरली होती.

शनिवारी सकाळी मी शटर वर करतोय तर मावशी पायरीवर बसलेल्या. मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी. शनिवारी मावशी मळवली सोडून कधी येत नाहीत, तो मालकांचा येण्याचा वार.

"चाव्या?" मी विचारलं.

"शेजारणीकडं दिल्यात." त्यांनी फडकं सोडलं. आत ग्राफिक्स कार्ड. "बंद पडलंय."

मी कार्ड तपासलं. एक पंखा अडकून बसला होता, कार्ड तापून करपलं होतं, वास येत होता. मी दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघितलं, टेबलफॅन समोर धरून बघितलं. काही उपयोग नाही. पुण्याला तीन ठिकाणी फोन केले. तसलं कार्ड मंगळवारच्या आत मिळणार नव्हतं. माझ्या दुकानात विकायला होतं ते हिशोब लिहायच्या लायकीचं.

"मंगळवारी मिळेल, मावशी."

"सोमवारी सकाळी पायजे."

मी कार्ड परत फडक्यावर ठेवलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "माजाच हात लागला त्येला. तांदळात म्याच घातलं व्हतं."

"तांदळानेच झालं असं काही नाही. मे महिना आहे, सलग दोन दिवस चालू होतं..."

"आसंल. पर पोरगी रडली न्हाई, भाऊ. नुसती गप बसलीया. त्ये लय वाईट."

मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही. मग त्यांनी मान वर केली.

"आमच्या हितं लावणीला मानसं कमी पडली तर काय करत्यात?"

"सावड घालतात."

"मंग?"

मी हसलो, तसल्या वेळीसुद्धा. सावड तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर सांगतो. भातलावणी चार दिवसांत उरकायची असते आणि घरची माणसं पुरत नाहीत. मग आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात राबायचं, उद्या माझ्या. रोजगार कुणी कुणाला द्यायचा नाही. जेवण घरधन्याचं, आणि दिवसाची फेड दिवसाने. म्हटलं, "मावशी, सावड भाताला असते. मशीनला कशी घालणार?"

"का न्हाई? काम वाटून घ्यायचं, येवडंच की."

होतं काय, की हे जमतं. मोठ्या स्टुडिओत असंच करतात: एका मशीनने पहिली चित्रं रंगवायची, दुसऱ्याने पुढची. ते मलाही माहीत होतं आणि अश्विनीलाही. आम्हाला सुचलं नाही त्याचं कारण साधं आहे. मशीन देणार कोण? लोक मोबाइलचा चार्जर देताना दहा वेळा विचार करतात.

"त्ये माज्याकडं लागलं," मावशी म्हणाल्या. "कुनाकडं तगडी मशिनी हायेत, त्येवडं तुमी सांगा."

मी तीन नावं सांगितली. कार्ल्याचा फोटो स्टुडिओवाला, लग्नाचे अल्बम करणारा. कॉम्प्युटरचे क्लास घेणारे एक सर, मूळचे लातूरकडचे. आणि मावशींचाच पुतण्या, कारखान्यातून सुटला की गेम खेळत बसणारा. त्याचं मशीन मीच जोडलं होतं आणि ते अश्विनीच्या खालोखाल दणकट होतं. सर्वांत आधी आम्ही स्टुडिओत गेलो. मी मनात बोलणं जुळवत होतो, कशी विनवणी करावी, काय आमिष दाखवावं. मावशींनी चपला काढल्या, आत गेल्या आणि म्हणाल्या, "उद्या आमच्या हितं सावड हाय. मशीन घेऊन या. जेवान हाय. तुमचा दिस मी फेडीन."

बस. लावणीचं आवतण देतात तसं. स्टुडिओवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी छताच्या पंख्याकडे बघितलं. लग्नसराईचे दिवस, त्याच्या मशीनवर दोन नवऱ्या अडकलेल्या, अल्बमसाठी फोनवर फोन.

"रात्रभर लागेल?" त्याने विचारलं.

"व्हय."

"बरं," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी थक्क होऊन त्याला परत फोन केला, की बाबा, तू हो कसं म्हणालास? तो म्हणाला, "काका, माझी आई गेली त्या वर्षी आमची लावणी कुणी केली असं वाटतं तुम्हाला?"

क्लासच्या सरांना सावड म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. मावशींनी त्यांना उभ्या उभ्या समजावलं. ते म्हणाले, "पण मला इथे शेत नाही, मावशी. माझा दिवस कसा फेडणार?" मावशी म्हणाल्या, "त्ये बघू. खिडक्या हायेत न्हवं तुमाला?" पुतण्याला तर नुसता निरोप धाडला. राहिलो मी. मला त्यांनी विचारलंसुद्धा नाही. दुकानातल्या माझ्या स्वतःच्या, मध्यम ताकदीच्या मशीनवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "ह्ये बी."

रविवारी सकाळी मी गाडीत मशीन घालून मळवलीला पोचलो तर पडवीत चार टेबलं मांडलेली, एक तर चक्क पाटावर पाट रचून केलेलं. प्रत्येक मशीनला मावशींनी हळदकुंकू लावलं. सरांचं मशीन अगदी जुनाट, त्याला जरा जास्तच लावलं. अश्विनीने कामाचे वाटे केले, पेनड्राइव्हने फिल्म सगळ्यांत भरली. कुणाला पहिली चित्रं, कुणाला मधली. मावशी म्हणाल्या, "म्हंजे खाचरं वाटली." आम्ही बटणं दाबली, आणि फाटकन घराची वीज गेली.

अर्थातच जाणार. त्या बिचाऱ्या मीटरने असला भार जन्मात पाहिला नव्हता. स्टुडिओवाला माझ्याकडे बघायला लागला, पुतण्या फ्यूजकडे धावला. मी वैतागून म्हटलं, तरी मी म्हणत होतो! खरं तर मी काहीच म्हणत नव्हतो. मावशी पडवीच्या पायरीवर गेल्या आणि शेजाऱ्यांना हाका मारायला लागल्या. डावीकडचं घर, उजवीकडचं घर, समोरचं. प्रत्येक घरातून एक वायर. अर्ध्या तासात अंगणावरून वायरी यायला लागल्या, कुणाची खिडकीतून, कुणाची दाराच्या फटीतून. मी टेस्टर घेऊन प्रत्येक पॉइंट तपासत फिरलो आणि दोन घरांना शिव्याही घातल्या, कारण त्यांचं अर्थिंग म्हणजे नुसता देवाचा भरवसा होता. त्यांच्याऐवजी पलीकडच्या घरातून वायर ओढली. मग मात्र चारही मशिनं एकदम गुणगुणायला लागली.

दिवसभर आम्ही करणार काय? बसून राहायचं. एकेक चित्र पुरं झालं की अश्विनी मोजायची नाही, फक्त बोटाने कपाळावरचे केस मागे सारायची. सगळ्यांत मागे सरांचं मशीन. मावशींनी टेबलफॅन त्याच्याकडे वळवला आणि स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत त्याच्या शेजारी बसल्या. "म्हातारं हाय, पर थांबत न्हाई," त्या सरांना म्हणाल्या. सरांना बरं वाटलं. दुपारी तांदळाच्या भाकरी आणि कोंबडीचं कालवण. शेजारच्या बायाही पंगतीला बसल्या, कारण वायर त्यांची होती. संध्याकाळी मी घरी परतलो तेव्हा मशिनं चालूच होती, आणि माझा जीव तिथेच होता.

सोमवारी उजाडताच फोन आला. अश्विनी बोलेना, नुसतं हुं-हुं ऐकू येतंय. मला वाटलं, गेलं! मग मावशींनी फोन घेतला. "झाली. पुतण्या पेनडाईव घेऊन पुन्याला गेला बी. ही आता रडतीया, बरं झालं."

फिल्म दाखवली, गिऱ्हाइकाला पसंत पडली, अश्विनीला काम मिळालं. कायमचं. मी नवीन कार्ड बसवून आलो तेव्हा तिने मला त्या ऑफिसाचं पहिलं ड्रॉइंग दाखवलं. खाली कोपऱ्यात तिचं नाव. मावशी शेजारी उभ्या राहून मला ते नाव दाखवत होत्या, जसं काही मला वाचता येत नाही.

पावसाळ्यात त्यांनी दिवस फेडायला सुरुवात केली. स्टुडिओवाल्याच्या खाचरात जाऊन एक दिवस लावणी केली. पुतण्याच्या घरचा दिवस केला. सरांच्या क्लासच्या सगळ्या खिडक्या धुऊन पुसून दिल्या. सर म्हणाले, वर्गात इतका उजेड येतो हे त्यांना माहीतच नव्हतं. शेजारच्या वायरवाल्या घरांचेही दिवस झाले. मग त्या माझ्याकडे आल्या.

"भाऊ, तुमचा दिस राह्यलाय. बोला, काय करू?"

मी काय सांगणार? मला ना शेत ना बाग. दुकान झाडून देते म्हणाल्या, तर माझं मन घेईना. म्हातारं माणूस माझ्या दुकानात झाडू मारणार आणि मी खुर्चीत बसून बघणार? म्हटलं, "राहू द्या, मावशी. बघू सवडीने." त्या रागावल्या. सावड राहू द्यायची नसते म्हणाल्या. त्यानंतर जेव्हा केव्हा बाजारात यायच्या तेव्हा पायरीवरूनच ओरडायच्या, "दिस ठरला का?" मीही तितक्याच मोठ्याने ओरडायचो, "पुढच्या महिन्यात!" बाजारात सगळ्यांना हा प्रकार पाठ झाला होता. चिक्कीवाला तर मलाच विचारायचा, काय शेठ, दिवस ठरला का?

तो ठरलाच नाही. गेल्या थंडीत मावशी गेल्या. छातीत दुखायला लागलं, तळेगावला नेलं, दोनच दिवस होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा पडवीत सगळे खाली मान घालून बसले होते. खुंटीवर चाव्यांचा जुडगा. मला त्यांची फार आठवण येते, हे सरळच सांगून टाकतो. गिऱ्हाइकं पुष्कळ येतात, पण पायरीवरून माझ्यावर ओरडायला कुणी येत नाही.

महिनाभराने एक दिवस मी दुकान उघडायला गेलो तर अश्विनी पायरीवर उभी. डबा, पाण्याची बाटली, खांद्याला पर्स.

"काय गं, मशीन बिघडलं?"

"नाही, काका. दिवस द्यायला आलेय. आत्यांचा."

मी म्हटलं, वेडी आहेस का, तुझी कामं पडली असतील, ऑफिसचे फोन येतील, जा घरी. ती शटरच्या कडीला हात घालून उभी राहिली. "आज सुट्टी घेतलीय. हॉस्पिटलात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पिंपातले तांदूळ उन्हात घाल, आणि भाऊचा दिस ठेवू नको. नाही म्हणू नका, काका."

मला नाही म्हणता आलं नाही. तिने झाडू घेतला तेव्हा मी तिच्या हातातून तो काढून घेतला, एवढंच काय ते मला जमलं. मग तिला खुर्चीत बसवलं, माझ्या, आणि मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो. म्हटलं, आज दुकान तू बघ.

दुपारच्या सुमारास दोघी आल्या, मायलेकी, वरच्या एका वाडीतल्या. आई रोजाने कामाला जाणारी असावी, हात तसे होते. मुलगी डिझाइनचा कोर्स करत होती आणि तिला घरं रंगवायचं मशीन हवं होतं. बोलताना तिचा आवाज इतका खाली की मला स्टूल पुढे सरकवावं लागलं. अश्विनीने तिला काय काम करायचं ते विचारलं, मग एकेक भाग समोर ठेवून, तो कशाला लागतो, कुठला आत्ता घ्यायचा आणि कुठला वर्षाने घेतला तरी चालेल, सगळं समजावलं. दिव्याचं कॅबिनेट मी पुढे सरकवलं, तर तिने ते बाजूला ठेवलं. मुलगी हळूहळू खुर्चीच्या कडेवरून मागे सरकून नीट बसली. मग तीच प्रश्न विचारायला लागली, आणि चांगले विचारायला लागली.

निघताना तिची आई दारात घुटमळली. अश्विनीने भागांची यादी लिहून दिलेला कागद चार घड्या करून तिने पोलक्यात ठेवला होता.

"ताई, तुमी रोज हितंच असता का? म्हंजे आडलं तर इचाराया बरं."

अश्विनीने तिला आपला नंबर दिला. म्हणाली, "कवाबी फोन करा. पर मी हितली न्हाई, मावशी. आज सावडीला आलीया, आमच्या आत्यांच्या जागी."